शिक्षकांची परिषद आणि मुलाची वही

शिक्षण परिषदेची वार्ता शाळेत येते ती परिपत्रकाच्या रूपाने. पूर्वी ते टपालाने किंवा कुणाच्या तरी हाती येई, आता मोबाइलवर येते. परंतु त्याची भाषा आणि घडण यांत विशेष फरक पडलेला नाही. अमुक दिनांकास, अमुक केंद्रशाळेत, सकाळी अमुक वाजता सर्व शिक्षकांनी न चुकता हजर राहावे, विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्यांची गंभीर नोंद घेतली जाईल, आणि सोबत अमुक माहिती विहित नमुन्यात दोन प्रतींत आणावी, एवढा मजकूर त्यात असतो. माणसे कशाचा विचार करण्यासाठी एकत्र येणार आहेत, याचा उल्लेख त्यात क्वचितच सापडतो. आणि आपल्या परिषदांविषयी जे काही बरेवाईट बोलण्यासारखे आहे, त्यातील पुष्कळशा गोष्टींचा उगम या एका उणिवेत आहे, अशी अनेक वर्षांच्या अनुभवाने माझी खात्री झाली आहे.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. केंद्राची मासिक शिक्षण परिषद, तालुक्याची प्रशिक्षणे, संघटनांची अधिवेशने, विषय अध्यापक मंडळांची संमेलने या साऱ्यांना मी नेमाने जात आलो आहे, आणि शहरांतील विद्वानांच्या संशोधन परिषदांतही मागच्या रांगेत बसून टिपणे घेतली आहेत. या लेखाच्या निमित्ताने ती टिपणे पुन्हा चाळली. कोकणातल्या, सातारा भागातल्या आणि मेळघाटातल्या व्यवसायबंधूंशी व भगिनींशी सवडीने बोललो. त्यांच्या इच्छेस मान देऊन त्यांची नावे येथे घातलेली नाहीत.

शिक्षकाला परिषदेची गरज का भासावी, हे समजून घेण्यास द्विशिक्षकी शाळेचे जीवन डोळ्यांपुढे आणले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत मुले असली तर दोन शिक्षक, असे प्रमाण ठरवून दिले. सह्याद्रीच्या कुशीतील वाडीवस्तीवर मुलांची संख्या साठाच्या जवळपासही नसते. म्हणून तेथे दोन शिक्षक, आणि त्यांच्यात चार-पाच इयत्ता वाटलेल्या. त्यांपैकी एक जण रजेवर, निवडणुकीच्या कामावर किंवा माहिती घेऊन पंचायत समितीत गेला, की उरलेला दुसरा दिवसभर बोलत असतो, शिकवत असतो, पोषण आहाराचे धान्य मोजून देत असतो. परंतु अपूर्णांक शिकवताना मुले नेमकी कोठे अडतात, याविषयी ज्याच्याशी दोन शब्द बोलता येतील असे माणूस त्याला आठवडेच्या आठवडे भेटत नाही. हे एकाकीपण बाहेरच्यांना दिसत नाही, कारण शिक्षकाच्या भोवती सदैव मुलांचा गलबला असतो. कोठारी आयोगाने मात्र ते अचूक हेरले होते. १९६६ च्या जून महिन्यात सादर झालेल्या त्या अहवालात माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळा गुंफून शाळासमूह करावेत, अशी जी शिफारस आहे, तिच्या मुळाशी प्रत्येक शाळेचे हे भयंकर तुटलेपण संपवावे हाच हेतू होता. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठाच्या उभारणीत राबलेले गृहस्थ होते. खेड्यातील शाळेचे एकटेपण त्यांनी कागदावरून नव्हे, तर प्रत्यक्ष वावरातून ओळखले होते.

आपल्या प्रदेशात भरलेल्या ज्या शिक्षण परिषदेचा इतिहासात सर्वांत ठळक उल्लेख होतो ती वर्ध्याची, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ची. पुढे नवभारत विद्यालय या नावाने प्रसिद्ध झालेल्या मारवाडी विद्यालयात ती भरली, गांधीजी अध्यक्षस्थानी होते, आणि काँग्रेसच्या हाती सत्ता आलेल्या प्रांतांचे शिक्षणमंत्री व देशभरचे शिक्षणवेत्ते तेथे जमले होते. नयी तालीमचा पुढचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे. शिक्षक म्हणून मला आकर्षण वाटते ते त्या दोन दिवसांच्या कामकाजाच्या पद्धतीचे. परिषदेपुढे काय येणार, हे जमणाऱ्यांना आधीच ठाऊक होते, कारण गांधीजी ‘हरिजन’मधून आपली मते आधीचे काही महिने मांडत होते. आणि जेव्हा चर्चा सुरू झाली, तेव्हा जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन यांनी उभे राहून, उद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना शिक्षणशास्त्राला अपरिचित नाही, आणि शाळा स्वावलंबी करण्यावर अतिरिक्त भर दिल्यास त्यातून मुलांच्या श्रमांचे शोषण संभवते, अशा आशयाची टीका प्रत्यक्ष महात्म्याच्या समक्ष केली. त्यानंतर अभ्यासक्रम तयार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद याच टीकाकाराकडे देण्यात आले, आणि डिसेंबरच्या आरंभी, म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांत, तिचा अहवाल तयार होता. विषय आगाऊ ठाऊक असणे, मतभेद निर्भयपणे मांडता येणे, आणि मतभेद मांडणाऱ्यावरच पुढील कामाची जबाबदारी सोपवली जाणे, या तीन गोष्टी ज्या परिषदेत घडतात ती परिषद मोठी, मग तिला पन्नास माणसे येवोत की पाच हजार.

ताराबाई मोडकांनी याच काळात दुसरा एक मार्ग दाखवून ठेवला होता. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली भावनगरला त्यांनी नूतन बालशिक्षण संघाचे काम आरंभले, आणि १९३३ पासून ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून निघू लागली. वर्षाकाठी एकदा भेटणाऱ्या माणसांचे संभाषण मधल्या काळात चालू राहावे, याची तजवीज त्या मासिकाने केली. पुढे १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी जे काम उभे केले, ते पाहायला येणारा शिक्षक सभामंडपात बसत नसे. तो अंगणात भरलेल्या बालवाडीच्या कडेला उभा राहून आदिवासी मुले काय करतात ते पाहत असे. पाहणे आणि पाहिलेल्याविषयी बोलणे, हा शिक्षकांच्या एकत्र येण्याचा गाभा आहे, ही गोष्ट त्या पिढीला कुणी शिकवावी लागली नाही.

महाराष्ट्रात १९९४ साली केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली आणि राज्यभर ४८६० केंद्रे अस्तित्वात आली. आठ-दहा शाळांचे एक केंद्र, त्यातील शिक्षकांची दरमहा एक परिषद, आणि ती चालवण्यास स्वतः शिक्षक असलेला केंद्रप्रमुख, ही योजना इतकी साधी आणि इतकी योग्य आहे की, तिच्याविषयी मला आजही आदर वाटतो. या व्यवस्थेचे पुढे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. रिक्त पदे, एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन केंद्रांचा कारभार, आणि परिषदेच्या वेळेवर माहितीसंकलनाचे अतिक्रमण. यू-डायसची दुरुस्ती, आधारची जुळणी, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, पोषण आहाराचा ताळेबंद ही कामे टाळता येण्यासारखी नाहीत, हे मी जाणतो. परंतु ती परिषदेच्या दिवशी, परिषदेच्या वेळात आणि परिषदेच्या नावाखाली झाली, म्हणजे महिन्यातून एकदा मिळणारी विचाराची संधी दप्तराच्या स्वाधीन होते.

तरीही या छोट्या परिषदेवरचा माझा विश्वास उडालेला नाही. आणि तो का उडाला नाही, हे सांगायचे तर एका दुपारची हकीकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे.

पावसाळ्याचे दिवस होते. केंद्रशाळेच्या मोठ्या खोलीत आम्ही सारे बस्करांवर बसलो होतो. सकाळचा वेळ नमुने भरण्यात गेला होता. जेवणानंतर शैक्षणिक विषय म्हणून तिसरीच्या गणिताचे नाव पुकारले गेले, तेव्हा डोंगरावरच्या एका वाडीवरून आलेल्या बाई उठल्या, आणि पिशवीतून त्यांनी एका मुलाची वही काढली. मुलाचे नाव असलेले पान त्यांनी दुमडून ठेवले होते. वहीत उभ्या मांडणीने गणित होते: ५२ वजा २७, आणि रेघेखाली सुवाच्य अक्षरात उत्तर होते, ३५. खाली आणखी चार उदाहरणे होती, आणि ज्यांत हातचा घ्यावा लागतो ती सारी अशाच रीतीने चुकलेली होती. बाईंनी ती फळ्यावर जशीच्या तशी उतरवली आणि म्हणाल्या, “मुलाने अंदाधुंद काही लिहिलेलं नाही. त्याचा नियम आहे. वर दोन, खाली सात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले. जो अंक मोठा, त्यातून लहान वजा. तो नियम त्यानं कुठंही मोडलेला नाही.”

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती नेहमीचीच झाली असती. परंतु बाईंनी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी जवळ बसवून काड्यांचे गठ्ठे दिले होते. दहादहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याने मांडल्या. सत्तावीस काढायच्या म्हटल्यावर दोन गठ्ठे बाजूला केले, सात सुट्या हव्यात हे पाहून, कुणी न सांगता, एका गठ्ठ्याचा दोरा सोडला, आणि उरलेल्या काड्या मोजून पंचवीस सांगितल्या. मग बाईंनी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि विचारले, यांतले बरोबर कोणते? मुलाने दोन्हींकडे पाहिले आणि निःशंकपणे उत्तर दिले, “बाई, वहीत पस्तीस येतात, काड्यांत पंचवीस येतात.”

खोलीत काही वेळ कुणी बोलले नाही. त्या उत्तराचा अर्थ प्रत्येकाच्या मनात हळूहळू उतरत होता. त्या मुलाला वजाबाकी येत होती. किंबहुना दशक सुटा करण्याची क्रिया, जी आम्ही ‘हातचा’ या नावाने महिनोन्महिने घोकून घेतो, ती त्याच्या बोटांना अवगत होती. परंतु शाळेची वही हा एक वेगळा प्रांत आहे, तेथील कायदे वेगळे आहेत, आणि त्या कायद्यांचा काड्यांशी, पैशांशी, घरच्या व्यवहाराशी काही संबंध असण्याचे कारण नाही, ही समजूत आम्हीच, आमच्या शिकवण्याच्या पद्धतीने, त्याच्या मनात रुजवली होती.

त्यानंतरची चर्चा मी आजवर ऐकलेल्या उत्तम चर्चांपैकी एक होती, आणि ती करणाऱ्यांत एकही तज्ज्ञ मार्गदर्शक नव्हता. एका गुरुजींनी सुचवले की, त्याच मुलाला ५० वजा २७ हे उदाहरण द्यावे; त्याने ३७ लिहिले, तर तो नियमाने वागतो आहे हे पक्के होईल, आणि दुसरे काही लिहिले तर शून्याविषयी त्याचा आणखी एखादा नियम आहे असे समजावे. दुसऱ्या एका बाईंचे म्हणणे पडले की, बिनहातच्याच्या वजाबाकीचा सराव आपण इतका लांबवतो, की मोठ्यातून लहान काढा हे मुलाच्या हाडीमाशी खिळते, आणि मग हातच्याची वजाबाकी आली म्हणजे तोच सराव त्याला घातक ठरतो. म्हणून दोन्ही प्रकारची उदाहरणे पहिल्यापासून, काड्यांवर, मिसळून द्यावीत. निवृत्तीला आलेले एक मुख्याध्यापक इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “बाई, त्याला लेखी काही देऊ नका. एवढंच विचारा की, बावन्न रुपयांतले सत्तावीस खर्च झाले, तर निम्म्यापेक्षा जास्त उरतील की कमी? बावन्नाचे निम्मे सव्वीस. सत्तावीस गेले म्हणजे निम्म्याहून अधिक गेले. मग पस्तीस उरतील कसे? हा प्रश्न तो स्वतःला विचारायला लागला, की वही आपोआप सुधारेल.” उत्तर काढण्याआधी उत्तराचा अदमास घेण्याची सवय ही गणितशिक्षणातील केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या वृद्ध गुरुजींनी दोन वाक्यांत सांगितले, आणि आम्हांपैकी कित्येकांनी पुढच्याच आठवड्यात आपापल्या वर्गांत ते करून पाहिले. पुढील महिन्याच्या परिषदेस येताना अनेकांच्या पिशव्यांत मुलांच्या वह्या होत्या. तीच चूक, त्याच नियमाने केलेली, सपाटीवरच्या मोठ्या शाळांतही होती आणि पाचवीपर्यंत पोहोचलेली होती.

पुढे एका संशोधन परिषदेत बसलो असताना मला कळले की, ज्या नियमाचा शोध आमच्या बाईंनी वाडीवरच्या शाळेत लावला, त्याची नोंद शिक्षणसंशोधनात फार पूर्वी झालेली आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतील चुकांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. मूल चुकते ते बहुधा आळसाने किंवा विसराळूपणाने नव्हे, तर एखाद्या सदोष परंतु सुसंगत नियमाचे निष्ठेने पालन केल्यामुळे चुकते, हे त्यांनी सप्रमाण मांडले; आणि त्या नियमांत मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याचा नियम अगदी ठळक आहे. हे ऐकताना मला जो आनंद झाला, त्यात एक विषादाची छटाही होती. जगाच्या एका टोकाला मिळालेले ज्ञान आमच्या तालुक्यात पोहोचण्यास इतकी वर्षे का लागावीत, आणि आमच्या बाईंचे निरीक्षण त्या विद्वानांच्या सभेत पोहोचण्याची काहीच वाट का नसावी?

या वाटेचा विचार केला पाहिजे. मुंबईत मानखुर्दला असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली सुरू झाले, आणि विज्ञान, तंत्रविज्ञान व गणित यांच्या शिक्षणाविषयीच्या संशोधनाचा आढावा घेणारी ‘एपिस्टीम’ ही आंतरराष्ट्रीय परिषद त्या केंद्राने डिसेंबर २००४ मध्ये गोव्यात दोना पावला येथे प्रथम भरवली. मुलांची अपूर्णांकाची समज, आकृत्यांची भाषा, निसर्गघटनांविषयीच्या त्यांच्या कल्पना या विषयांवर आपल्या देशात किती कसोशीने काम होऊ शकते, हे अशा परिषदांच्या निबंधसंग्रहांतून दिसते. परंतु संशोधनाचा हा व्यवहार देशभर, किंबहुना जगभर, इंग्रजीतून चालतो, आणि ज्या शिक्षकाच्या वर्गातील मुलांविषयी तो चालतो, त्या शिक्षकापर्यंत तो त्या भाषेत पोहोचत नाही. प्रत्येक निबंधाचा एका पानाचा मराठी सारांश, शिक्षकाला समजेल अशा शब्दांत, सिद्ध करणे ही फार खर्चाची गोष्ट नाही. मराठी विज्ञान परिषदेने १९६६ पासून मराठीतून विज्ञान मांडण्याची जी परंपरा चालवली आहे, तिच्याकडे पाहिले तर भाषेची अडचण दुर्लंघ्य नाही, हे पटते.

मोठ्या परिषदांत बोलण्याचा अवसर कुणाला मिळतो, हा दुसरा प्रश्न आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार आणि मान्यवरांची मनोगते यांत सकाळ सरते. सत्काराचे महत्त्व मी अमान्य करीत नाही. आयुष्यभर आडगावात राबलेल्या शिक्षकाच्या खांद्यावर शाल पडते तेव्हा त्याच्या कुटुंबाचे डोळे पाणावतात, आणि तो मान त्याला मिळालाच पाहिजे. परंतु दुपारच्या सत्रात जेव्हा प्रत्यक्ष वर्गात काम करणाऱ्यांची पाळी येते, तेव्हा प्रत्येकाला तीन-चार मिनिटे उरलेली असतात. अशाच एका सभागृहात मेळघाटातून आलेला एक तरुण शिक्षक बोलायला उभा राहिला होता. त्याच्या पहिलीच्या वर्गातील मुले घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे कसलेही कौटुंबिक नाते नाही. म्हणजे सहा वर्षांचे मूल शाळेच्या पहिल्या दिवशी केवळ नव्या अक्षरांपुढे नव्हे, तर संपूर्ण परक्या भाषेपुढे उभे असते. या तरुणाने गावातील आयांना शाळेत बोलावून, त्यांच्याकडून शब्द घेऊन, मुलांच्या चित्रांखाली ते देवनागरीत लिहून एक जाड वही तयार केली होती, आणि पहिले काही महिने त्या वहीवरूनच वाचन शिकवले होते. आयांना तो काय विचारीत असे, कोणता ध्वनी लिहिताना अडचण येई, मुले मराठीकडे केव्हा आणि कशी वळली, हे सारे सांगण्याच्या तो बेतात होता, इतक्यात वेळ संपल्याची घंटा झाली आणि तो वही मिटून खाली बसला. त्यानंतर समारोपाचे भाषण पाऊण तास चालले. पुढल्या रांगांत राज्याचे धोरण ठरवणारी माणसे बसली होती, आणि त्यांना ज्याची सर्वांत अधिक गरज होती ती माहिती त्या मिटलेल्या वहीत राहिली, याचे मला आजही दुःख होते.

हे असेच चालायचे, असे म्हणून सोडून देण्यासारखी ही बाब नाही. कारण ते वेगळ्या रीतीने चालू शकते, याची साक्ष आपल्या शेजारच्याच राज्यात आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत, किशोर भारती आणि रसूलियाचे मित्र मंडळ केंद्र यांच्या प्रयत्नाने, प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ नंतर ‘एकलव्य’ या संस्थेने त्याचा भार वाहिला. या उपक्रमाचा कणा होता शिक्षकांची मासिक गोष्ठी. कोणता प्रयोग वर्गात फसला, मुलांनी कोणता अनपेक्षित प्रश्न विचारला, पुस्तकातील कोणती सूचना कळली नाही, हे शिक्षक तेथे सांगत. आणि त्या सांगण्यातून ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांची सुधारणा होत असे. आपल्या बोलण्याने पुस्तक बदलते, हे ज्याने एकदा अनुभवले, त्याला परिषदेस या म्हणून हुकूम काढावा लागत नाही. २००२ साली राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तो बंद का झाला याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्यापुरते एवढे खरे की, तीस वर्षे साधे खेड्यातील शिक्षक विज्ञानशिक्षणाविषयी गंभीरपणे बोलत राहिले, ही गोष्ट त्या बंदीने खोटी ठरत नाही.

जपानमधील शाळांत तर एका पाठाभोवती शिक्षक जमण्याची प्रथा मेइजी काळापासून चालत आली आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांतील एक जण तो प्रत्यक्ष मुलांना शिकवतो, इतर शिक्षक वर्गाच्या भिंतींलगत उभे राहून मुलांकडे पाहतात, आणि नंतर शिक्षकाविषयी नव्हे, तर पाठाविषयी चर्चा होते. या शेवटच्या भेदात फार मोठे शहाणपण आहे. आपल्याकडे दुसऱ्याचा पाठ पाहणे म्हणजे तपासणी, आणि तपासणी म्हणजे शेरा, अशी इंग्रजी अमदानीतील डेप्युटीपासून चालत आलेली धारणा आहे. तिच्यामुळे आपल्या वर्गाचे दार दुसऱ्या शिक्षकास उघडताना आपण अजून बिचकतो.

केवळ पाहण्याने सर्व साधते असेही नाही. काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांचे नाव ज्ञानरचनावादी अध्यापनासाठी राज्यभर झाले, आणि गाड्या भरभरून शिक्षक ते पाहण्यास जाऊ लागले. २२ जून २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राच्या शासन निर्णयाने त्या उत्साहाला बळ दिले. तेथे जाऊन आलेल्या पुष्कळांनी आपल्या वर्गांच्या फरशा रंगवल्या, तक्ते टांगले, बाटल्यांची झाकणे आणि खडे गोळा केले. मी पाहिलेल्या शाळांपैकी ज्यांत त्यातून टिकाऊ बदल झाला, त्या शाळांतील शिक्षक परत आल्यावर आपसांत बोलत राहिले होते: हा खडा मुलाच्या हाती का द्यायचा, केव्हा द्यायचा, आणि केव्हा काढून घ्यायचा. ज्या शाळांत हे बोलणे झाले नाही, तेथे दोन पावसाळ्यांत फरशीचा रंग उडाला आणि त्याबरोबर नवे अध्यापनही गेले. साहित्य पाहून उचलता येते. त्यामागचा विचार मात्र ज्याचा त्यालाच पुन्हा करावा लागतो, आणि तो करण्यास सोबत लागते.

परिषदेचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो, याचाही स्पष्ट उच्चार झाला पाहिजे. प्रवासभत्त्याचा प्रश्न मी येथे काढीत नाही. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक गेला म्हणजे दुसऱ्याकडे पाच इयत्ता येतात, आणि दोघेही गेले म्हणजे शाळा बंद राहते. त्या दिवसाचे अध्यापन मुलांचे बुडते. शिक्षिकांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. परिषद सायंकाळी लांबली की शेवटची एस.टी. चुकते, घरी लहान मूल असते, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या परिषदांत बायका येतात त्या अपराध्यासारख्या घड्याळाकडे पाहत बसतात किंवा येतच नाहीत. ज्या बाईंनी ती वही आणली होती, त्या तालुक्याच्या पलीकडील एकाही परिषदेस जाऊ शकलेल्या नाहीत. परिषद वेळेवर सुरू करून वेळेवर संपवणे ही केवळ शिस्तीची बाब नसून, अर्ध्या शिक्षकवर्गाला त्यात प्रवेश देण्याची बाब आहे.

केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, परिपत्रकात माहितीच्या नमुन्यांआधी एक ओळ घालावी: या महिन्यात अमुक इयत्तेच्या अमुक घटकाविषयी बोलायचे आहे, प्रत्येकाने आपल्या वर्गातील एका मुलाचे काम सोबत आणावे. माहितीसंकलनासाठी दुसरा दिवस किंवा दुसरे साधन शोधावे. सभेचा निम्मा वेळ वर्गात शिकवणाऱ्यांसाठी राखून ठेवावा आणि तो कोणत्याही मान्यवरासाठी कापू नये. यासाठी नवी योजना नको, नवा निधी नको; १९९४ पासूनची व्यवस्था पुरेशी आहे.

आणि हा अंक वाचणाऱ्यांत जे पालक असतील त्यांना एवढेच सांगणे आहे की, शिक्षण परिषदेसाठी शाळा एक दिवस बंद राहिली, तर रागावू नका. परंतु दुसऱ्या दिवशी शाळेत जा आणि गुरुजींना, बाईंना विचारा, काल तुम्ही आमच्या मुलांविषयी काय बोललात? ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे असेल ते आनंदाने सांगतील, आणि ज्यांच्याजवळ नसेल ते पुढच्या परिषदेत तो प्रश्न घेऊन जातील.